लहान सरकारचा वायदा

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी, १५ सप्टेंबरला, लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. धान्य, डाळी, तेलबिया, बटाटा, कांदा यांच्या साठ्यावर सरकारने ऊठसूट मर्यादा घालू नयेत, बाजाराला त्याचं काम करू द्यावं, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. म्हणजे सोमवारी सरकार कांद्याच्या वाटेत आडवं आलं आणि मंगळवारी तेच सरकार संसदेत सांगत होतं की सरकारने कांद्याच्या वाटेतून बाजूला व्हायला हवं.

कागदावर यात विसंगती नाही. निर्यातबंदी परकीय व्यापाराच्या कायद्याखाली येते आणि साठ्याची मर्यादा जीवनावश्यक वस्तूंच्या. दोन वेगळे कायदे, दोन वेगळी मंत्रालयं. पण लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगायचं काम कुणी मला दिलं, तर मी नको म्हणेन.

सरकार लहान असावं, त्याने मोजकीच कामं करावीत आणि ती नीट करावीत, हा विचार मला बराचसा पटतो. म्हणूनच हा विचार झेंड्यावर घेऊन मतं मागणाऱ्या पक्षांचं सत्तेत आल्यावर काय होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'सगळे राजकारणी ढोंगी' हे उत्तर सोपं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. ढोंग म्हणून विषय मिटवला की पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. वायदा नेमका कसला होता? तो मोडला तेव्हा कुणाचं नुकसान झालं? आणि असा वायदा कुठलाही पक्ष पाळू शकतो का?

लहान म्हणजे किती लहान?

सरकारचा आकार निदान तीन पट्ट्यांनी मोजता येतो. पहिली पट्टी पैशाची: सरकार किती गोळा करतं, किती खर्च करतं. दुसरी माणसांची: किती खाती, किती मंत्री, किती बाबू. तिसरी पट्टी पोचेची: तुमच्या आयुष्यातल्या किती गोष्टींसाठी सरकारची परवानगी लागते, किती गोष्टी त्याला कळवाव्या लागतात. लहान सरकारवरचे वाद बऱ्याचदा रेंगाळतात ते यामुळेच. एकजण एका पट्टीने मोजत असतो आणि दुसरा दुसऱ्या.

२०१४ ची 'मिनिमम गव्हर्न्मेंट, मॅक्सिमम गव्हर्नन्स' ही घोषणा घ्या. जे झालं ते आधी मान्य करू. कागदपत्रांच्या झेरॉक्सवर सही घेण्यासाठी राजपत्रित अधिकारी शोधत फिरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी बंद झाली, स्वतःची सही पुरू लागली. दीड हजारांहून जास्त कालबाह्य कायदे रद्द झाले. नियोजन आयोग गेला. कुणालाच विकता येत नव्हती ती एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांमधल्या किरकोळ चुकांसाठीच्या शिक्षा सौम्य केल्या. यातली कुठलीच गोष्ट क्षुल्लक नाही.

आता दुसरी बाजू. मे २०१४ मध्ये पंतप्रधानांसह ४६ जणांचं मंत्रिमंडळ होतं. जुलै २०२१ च्या विस्तारानंतर ते ७८ झालं, २०२४ मध्ये ७२. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या १५ टक्के, म्हणजे ८१ ची मर्यादा घातली आहे. ती नसती तर आकडा कुठे थांबला असता, सांगता येत नाही. आयुष, सहकार, मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन अशी नवी स्वतंत्र मंत्रालयं निघाली. ज्या रोजगार हमीला पंतप्रधानांनी २०१५ मध्ये लोकसभेत काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं, तिच्यावर कोविडच्या वर्षात एक लाख कोटींहून जास्त रुपये खर्च झाले, आणि ते झाले हे बरंच झालं. सुमारे ८० कोटी लोकांना मोफत धान्य देण्याची योजना १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं वाढवली गेली.

तिसऱ्या पट्टीने मोजलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री लोकांच्या खिशातलं चलन, मूल्याने सुमारे ८६ टक्के, सरकारने एका भाषणात बाद केलं. त्याच पक्षाच्या उत्तराखंड सरकारने समान नागरी कायद्यात लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नोंदणी सक्तीची केली. नोंदणी न केल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. दोन सज्ञान माणसं एका घरात राहतात एवढी माहितीसुद्धा ज्याला हवी असते, ते सरकार कुठल्या अर्थाने 'मिनिमम'?

विरोधी बाकांवरही वेगळं काही नाही. काँग्रेसच्या २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समित्यांचा कायदा रद्द करून शेतमालाचा व्यापार बंधमुक्त करण्याचं आश्वासन होतं. २०२० मध्ये समोरच्या पक्षाने त्या दिशेने कायदे आणले तेव्हा काँग्रेसने विरोध केला. ते कायदे आणायची घाईची, चर्चा टाळणारी पद्धत विरोध करण्याजोगी होती हे खरं. पण विरोध पद्धतीपाशी थांबला नाही.

ज्यांचा वायदा सर्वांत शुद्ध होता

कुणी म्हणेल, हे मोठे पक्ष. त्यांना सगळ्यांना खूश ठेवावं लागतं. खऱ्या तत्त्वनिष्ठ पक्षाकडे बघा. तसा एक पक्ष आपल्याकडे होऊन गेला. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा वगैरे मंडळींनी स्वतंत्र पक्ष काढला. 'परमिट-लायसन्स राज' हा शब्दप्रयोग रुजवला तो राजाजींनी. १९६७ मध्ये ४४ जागा घेऊन हा लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. आज उदारमतवादी मंडळी त्याच्याबद्दल हळवी होऊन बोलतात, आणि ते मला समजतं. संपूर्ण देश समाजवादाची माळ जपत असताना या लोकांनी उलट बोलायचं धाडस केलं.

पण त्याच १९६७ मध्ये ओरिसात या पक्षाचे आर. एन. सिंह देव आघाडीचे मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षी त्या सरकारने ओरिसा धर्मस्वातंत्र्य कायदा केला. नाव स्वातंत्र्याचं असलं, तरी हा स्वतंत्र भारतातल्या राज्यांमधला पहिला धर्मांतरविरोधी कायदा होता. बळजबरी किंवा फसवणूक याबद्दल वाद नाही. पण त्यात 'प्रलोभन' हाही गुन्हा होता. एखाद्याने धर्म बदलला तो मनापासून की कशाच्या आशेने, हे ठरवायचा अधिकार पोलीस आणि न्यायाधीशांच्या हाती आला. शेतकऱ्याने किती जमीन राखावी हे सरकारने ठरवू नये म्हणणाऱ्या पक्षाला, माणसाने देव का बदलला हे सरकारने तपासणं खटकलं नाही.

स्वतः राजाजींचंही तसंच. १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे प्रमुख असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. १९५२ मध्ये मुख्यमंत्री म्हणून अन्नधान्यावरची नियंत्रणं उठवणारेही तेच. ती नियंत्रणं उठवणं धाडसाचं होतं, कारण हाहाकार होईल अशी भीती घातली जात होती. हा माणूस ढोंगी होता असं मला अजिबात वाटत नाही. धान्याच्या बाबतीत त्यांचा माणसांवर विश्वास होता आणि दारूच्या बाबतीत नव्हता, इतकंच. आपण सगळे असेच असतो. ज्या बाबतीत दुसऱ्याच्या शहाणपणावर भरवसा वाटतो तिथे सरकार लहान हवं असतं, आणि जिथे वाटत नाही तिथे दंडुका हवा असतो.

महाराष्ट्रात हा वारसा शरद जोशींनी चालवला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेमागे शेतकरी संघटनेने लाखो लोक उभे केले. १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. सभांना जमणारी गर्दी मतपेटीपर्यंत पोचली नाही आणि पक्ष मूठभर आमदारांपलीकडे गेला नाही. या गोष्टीला एक विलक्षण कायदेशीर पदर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे समाजवाद नको म्हणण्यासाठी पक्ष काढायचा, तर पहिल्या अर्जावर समाजवाद मान्य आहे असं लिहायचं. आपल्याकडे लहान सरकारचं राजकारण दारातच अशा तडजोडीने सुरू होतं.

ज्यांनी वायदा केला नव्हता

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं आहे, असंही नाही. २० जानेवारी १९८१ रोजी शपथ घेताना रोनाल्ड रेगन म्हणाले की सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे. शिक्षण आणि ऊर्जा ही दोन खाती बंद करण्याचं त्यांचं आश्वासन होतं. आठ वर्षांनी ते गेले तेव्हा दोन्ही खाती जागच्या जागी होती, माजी सैनिकांसाठी नवं खातं मंजूर झालेलं होतं आणि संघराज्याचं कर्ज डॉलरच्या आकड्यात जवळजवळ तिप्पट झालं होतं. कर कमी केले, पण खर्च कमी झाला नाही. आजच्या पिढीला सरकार स्वस्त वाटलं आणि त्याचं बिल पुढच्या पिढीकडे गेलं.

याउलट, सरकारने खरोखर माघार घेतलेले प्रसंग आठवून बघा. २४ जुलै १९९१ ला नव्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने रद्द केले. ते केलं नरसिंह रावांच्या अल्पमतातल्या काँग्रेस सरकारने, म्हणजे परवाना राज उभारणाऱ्या पक्षानेच. न्यूझीलंडमध्ये १९८४ नंतर शेतीची जवळपास सगळी अनुदानं बंद केली ती मजूर पक्षाने. अमेरिकेत १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षं शिलकीचा अर्थसंकल्प दिसला तो डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या काळात, तेही संसद रिपब्लिकनांच्या ताब्यात असताना.

या तिन्हींत दोन गोष्टी दिसतात. कुठे तिजोरी रिकामी होती, तर कुठे दुसऱ्या कुणाचा हात मानेवर होता. १९९१ मध्ये आपल्याकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. क्लिंटनना संसदेने मोकळं सोडलं नाही आणि संसदेला क्लिंटननी. सरकार आकसलं ते परिस्थितीच्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या रेट्याने. वायदा पाळणारे अगदीच नसतात असंही नाही. अर्जेंटिनात हावियेर मिलेई यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मंत्रालयं १८ वरून ९ वर आणली आणि पुढच्या वर्षी शिल्लक दाखवली. पण तिथेही महागाई १४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर लोकांनी त्यांना निवडलं होतं, आणि २०२४ च्या पहिल्या सहामाहीत गरिबी निम्म्या लोकसंख्येच्या वर गेली होती. वायदा पाळला म्हणजे न्याय झालाच, असंही नाही.

देणारं सरकार आणि अडवणारं सरकार

आता पक्षांच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद मांडतो. लोकशाहीत पक्षाचं पहिलं उत्तरदायित्व मतदारांशी असतं. ८० कोटी लोकांना धान्य हवं असेल, बहिणींना महिना १,५०० रुपये हवे असतील, तर तत्त्वासाठी ते नाकारणारा पक्ष अधिक नैतिक कसा? साथीच्या वर्षात एखाद्या सरकारने 'आमची विचारधारा लहान सरकारची' म्हणून रोजगार हमी बंद ठेवली असती, तर त्याला मी तत्त्वनिष्ठ म्हटलं नसतं, निर्दय म्हटलं असतं.

हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण तो अर्ध्याच वायद्याला लागू पडतो. वायदा देऊन मोडणं आणि अडवून मोडणं यात फरक आहे. धान्य दिलं, पैसे दिले, तर सरकार पैशाच्या पट्टीवर मोठं होतं. त्याचा भार सगळ्यांवर थोडा थोडा पडतो, आणि तो योग्य की अयोग्य यावर निवडणुकीत वाद होऊ शकतो. निर्यातबंदीचं तसं नाही. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून सरकार स्वतःच्या तिजोरीतून काहीच देत नाही. ते नाशिक, नगर, पुण्याच्या शेतकऱ्याच्या हाती येऊ घातलेला भाव रोखतं. हा करच असतो, फक्त अर्थसंकल्पात दिसत नाही. तो कुणी भरायचा हे तत्त्वाने ठरत नाही, मतांच्या मोजणीने ठरतं. कांदा विकत घेणारे फार, पिकवणारे थोडे. १९९८ मध्ये दिल्लीतली सत्ता गेली त्यात कांद्याच्या भावाचाही हात होता, हे भाजप विसरलेला नाही. बाकीचे पक्षही विसरलेले नाहीत.

पुढचा क्रमही बघण्यासारखा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे २०२४ मध्ये निवडणूक चालू असताना बंदी उठवून पुन्हा शुल्क, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. मधल्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. पराभवाला एकच कारण नसतं, पण कांदा त्यातलं एक होतं हे कुणी नाकारत नाही. आणि शुल्क शून्यावर आलं तेव्हा भाव पडलेले होते. म्हणजे भाव चढलेला असताना शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य नव्हतं आणि पडल्यावर ते सन्मानाने बहाल झालं. काही मोजावं लागत नाही तेव्हाच पाळलं जातं, ते तत्त्व आहे की सोय, हे वाचकांनी ठरवावं.

माझ्या मते नैतिक कसोटी इथे आहे. लहान सरकारचं तत्त्व खरं केव्हा मानायचं? ते आपल्याच मतदाराला, आपल्याच आवडीला आडवं येतं तेव्हा पाळलं तर. आपल्याला न आवडणाऱ्यांवरची बंधनं वाढवायची आणि आपल्या माणसांवरची उठवायची, हे तर जगातलं प्रत्येक सरकार करतं. त्याला विचारधारा लागत नाही.

अधिकार काढून कोण घेणार?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यावेत, त्याहून एकही जास्त नको. नियम सगळ्यांना पाठ असतो. तरीही कुठल्याही जुन्या यंत्रणेत ॲडमिनचे अधिकार असलेल्यांची यादी काढली तर ती गरजेपेक्षा लांब निघते. कुणी चोर नसतं. कधीतरी रात्री दोन वाजता काहीतरी बंद पडलेलं असतं, तातडीने अधिकार दिलेला असतो आणि नंतर तो काढायचा राहून जातो. स्वतःचा अधिकार स्वतःहून परत करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून ज्या ठिकाणी ही शिस्त खरोखर पाळली जाते, तिथे ती चांगुलपणावर सोडलेली नसते. अधिकार ठरावीक मुदतीचा असतो, मुदत संपली की आपोआप जातो, आणि यादी तपासणारा माणूस यादीतला नसतो.

लहान सरकारचा वायदा करणारा पक्ष आपल्याला नेमकं उलटं सांगत असतो: आम्हाला ॲडमिन करा, म्हणजे आम्ही ॲडमिनचे अधिकार कमी करू.

त्यात माझ्याच व्यवसायाने एक नवी गुंतागुंत आणली आहे. सरकारी खिडक्या कमी झाल्या, रांगा कमी झाल्या, दाखला फोनवर येऊ लागला. माणसांच्या पट्टीवर सरकार आटोपशीर दिसू लागलं. पण खिडकीमागच्या कारकुनाला तुमची एकच फाइल दिसायची. आता सगळ्या फाइली एका क्रमांकाला जोडता येतात. विरोधात असताना ज्या पक्षाने आधारवर टीका केली, त्यानेच २०१६ मध्ये आधारचा कायदा धन विधेयक म्हणून संमत करून घेतला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण खाजगी कंपन्यांना आधार मागू देणारा भाग काढून टाकला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम सरकारला सोयीचं करून घेतलं. नागरिक सरकारला अधिक दिसू लागला, सरकार नागरिकाला कमी. आटोपशीर सरकार आणि लहान सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आयटीतल्या लोकांनी तरी विसरू नये.

आमच्या क्षेत्रात आणखी एक दंतकथा आवडीने सांगितली जाते: आयटी वाढलं कारण सरकारचं तिकडे लक्ष नव्हतं. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीच्या जमिनीवर आहे. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेत निर्यातीच्या नफ्यावर २०११ पर्यंत करसवलत होती. माझ्यासारखे कित्येकजण सरकारी महाविद्यालयाच्या फीमध्ये इंजिनियर झाले. पगारातून टीडीएस कापला की आम्हाला लहान सरकार आठवतं. मतदारच आपल्या अनुदानाला हक्क आणि दुसऱ्याच्या अनुदानाला रेवडी म्हणत असेल, तर पक्षांकडून वेगळं काय व्हावं?

म्हणून पक्ष या आदर्शाला जागतात का, याचं माझं उत्तर 'नाही' असंच आहे. पण त्या उत्तराने मी निराश होत नाही, कारण आदर्शाला जागण्याचं काम पक्षाचं आहे हे गृहीतच मला चुकीचं वाटतं. राखणदाराने स्वतःलाच बांधून घ्यावं, ही अपेक्षा कुणाकडूनही जास्तच आहे. सरकार लहान राहतं ते मुदत संपल्यावर आपोआप रद्द होणाऱ्या कायद्यांमुळे, मंत्र्यांच्या संख्येवरच्या १५ टक्क्यांसारख्या रुक्ष तरतुदींमुळे, न्यायालयांमुळे, भांडणाऱ्या राज्यांमुळे, माहिती मागणाऱ्या आगाऊ नागरिकांमुळे. यातलं काहीच घोषणेत बसत नाही.

पुढच्या वेळी कुणी लहान सरकारचं आश्वासन घेऊन दारात आलं, तर किती खाती बंद करणार हे विचारून फार काही कळणार नाही. सत्तेत आल्यावर स्वतःचा कुठला अधिकार, किती तारखेला आणि कुणाच्या हाती सोपवणार, हे विचारावं. उत्तरात तारीख नसेल, तर तो वायदा वाऱ्यावर गेला असं समजायला हरकत नाही.